थोडंसंच

सव्वाआठच्या फास्टच्या लेडीज डब्यात आमच्या ग्रुपने प्रत्येकीला एकेक नाव ठेवलंय. माझं सांगत नाही. तिचं आहे 'थोडंसंच'. कोणी तिच्या चेहऱ्याकडे जरा निरखून पाहिलं, की न विचारताच खुलासा येतो, "काही नाही गं, थोडंसंच लावलंय."

हे थोडंसंच डोंबिवलीला सुरू होतं आणि घाटकोपरला संपतं.

ती कल्याणहून रिटर्न मारून येते, त्यामुळे खिडकी तिची. मांडीवर रुमाल, रुमालावर बारा रंगांची डबी, दातांत ब्रश. आम्ही बाकीच्या काजळवाल्या. आमचं सगळं एका बोटात उरकतं आणि ते घरीच. तिला आयशॅडो लागते, रोज, तीही रंगीत. आणि अट अशी, की रंग दिसला पाहिजे पण लावलाय असं दिसता कामा नये. हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला सासूबाईंचं आमटीतल्या गुळाबद्दलचं धोरण आठवलं. आहे ते कळायला नको, नसला तर मात्र लगेच कळायला हवा.

आधी पापणीवर कन्सीलरचा ठिपका, वर जराशी पावडर. हे चुकवलं तर मे महिन्यात दादर यायच्या आत रंग पापणीच्या घडीत जाऊन बसतो आणि डोळा मिटला की रेघ दिसते. मग खोबणीत मॅट तपकिरी, आपल्या कातडीपेक्षा जेमतेम एक छटा गडद. प्रत्येक वेळी ब्रश डबीच्या कडेवर दोनदा टकटक. जास्तीची भुकटी झडावी म्हणून. ती माझ्या पांढऱ्या कुर्त्यावर झडते, कारण तिच्या शेजारची सीट माझी.

यानंतर खरा रंग. डबीच्या पाठीवर छापलेली इंग्रजी नावं तिला मान्य नाहीत. तिच्याकडे चिंतामणी आहे, मोरपंखी आहे, आमसुली आहे. पापण्यांच्या केसांलगत तांदळाएवढा आमसुली लावायचा आणि कोऱ्या ब्रशने त्याची वरची कड घासत बसायचं. इतकं, की निम्मा रंग निघूनच जातो. "कड सापडली की मेकअप फसला," असं तिचं म्हणणं. चमकी मात्र पापणीच्या मधोमध बोटाने एकच टिपका. चमकीत अभ्रक असतं आणि चाळिशीनंतर ते पापणीच्या प्रत्येक सुरकुतीवर टॉर्च मारतं. हे तिने मला माझ्याच पापण्यांकडे बघत सांगितलं.

पूर्वी फास्ट गाड्या पारसिकच्या बोगद्यातून जायच्या, तेव्हा अंधार आला की ती ब्रश वर धरून थांबायची, पूजेत गुरुजी आचमनाला थांबतात तशी. २०२२ पासून फास्ट मुंब्र्याकडून जाते. रेल्वेने हे लाखो प्रवाशांसाठी केलं असेल. तिला वाटतं, आपल्यासाठी केलं. कारण ट्यूबलाइटखाली जो आमसुली सोज्वळ दिसतो, तो खाडीवरच्या उन्हात चक्क जांभळा निघतो. तिथे आरसा खिडकीबाहेरच्या उजेडाकडे वळतो, "अगंबाई" होतं आणि पुन्हा घासणं सुरू.

एकदा तिने अंजिरी लावला. ऑफिसात तिघींनी विचारलं, "डोळे आलेत का गं?" चौथीने स्वतःची खुर्ची लांब नेली. साहेबांनी घरी जायला सांगितलं आणि ती गेलीसुद्धा. तेव्हापासून लाल घराण्यातला रंग असला, की डोळा आणि रंग यांच्यामध्ये काजळाची भिंत.

पण तिचं खरं दुःख वेगळंच. तीस-पस्तीस मिनिटं खपून ती अशी कामगिरी करते, की कोणाच्या लक्षातच येत नाही. म्हणजे जमलं! आणि जमलं म्हणून दिवसभर तोंड एवढंसं.

गेल्या नवरात्रात हिरव्या रंगाच्या दिवशी अख्खा डबा हिरवागार. साड्या, ओढण्या, बांगड्या, एकीची तर डब्याची पिशवीही. ही आली ती क्रीम रंगाच्या ड्रेसमध्ये. "हे काय, विसरलीस?" ती काही बोलली नाही. आमच्याकडे बघून सावकाश डोळे मिटले, सावकाश उघडले. "झोप झाली नाही का?" मी विचारलं. तिने पुन्हा मिटले. कोणीतरी पाण्याची बाटली पुढे केली. फोटोत तिला मागे उभी केली, रंग बिघडायला नको म्हणून.

ठाण्याला टिकल्या-क्लिपा विकणारी चढली. गर्दीतून वाट काढत आमच्यापाशी आली, हिच्याकडे पाहिलं, आणि पाकिटांच्या माळेतून एक अचूक उपसून काढलं. "ताई, ही घ्या. डोळ्यांवरच्या शेवाळीला मॅचिंग."

हिने सहा पाकिटं घेतली. सुटे पैसेही परत घेतले नाहीत. मग आमच्याकडे वळून, अगदी सहज, "काही नाही गं, थोडंसंच लावलंय."