शेषराव दखल घेत नाहीत

शेषराव आमच्याकडे आले तेव्हा अंगानं फूट-सव्वा फूट होते आणि त्यांची कागदपत्रं त्यांच्यापेक्षा लांब होती. लेकीनं बंगळुरूत नोकरी करता करता, आम्हाला न विचारता, अजगराचं पिल्लू पाळलं होतं. बॉल पायथन. मूळचा पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतला. पुरता वाढला तरी चार-पाच फुटांच्या पुढे सहसा जात नाही, आणि घाबरला की अंगाची घट्ट गुंडाळी करून डोकं आत लपवतो, म्हणून हे नाव. मग लेकीला जर्मनीत नोकरी लागली. ‘साइटीस’ नावाच्या आंतरराष्ट्रीय करारात हा प्राणी येत असल्यामुळे परवान्याशिवाय त्याला देशाबाहेर नेता येत नाही. मुलीला नेता येतं. सबब मुलगी म्युनिकला गेली आणि साप आजोळी, म्हणजे भोपाळला, आला.

कायदा याबाबतीत मोठा गमतीचा आहे. आपल्या मातीतला नाग, धामण, एवढंच काय ते गरीब मांडूळसुद्धा घरात ठेवलंत, तर १९७२चा वन्यजीव संरक्षण कायदा तुम्हाला सोडत नाही. परदेशी पाहुण्यांना मात्र २०२२च्या दुरुस्तीनं चौथ्या अनुसूचीत जागा करून दिली आणि २०२४च्या नियमांनी ‘परिवेश’ पोर्टलवर त्यांची नोंद बंधनकारक केली. मालक बदलला, कळवा. पिल्लं झाली, कळवा. प्राणी वारला, तेही कळवा. ज्याची उभी हयात सरकारी नोकरीत गेली त्याला निवृत्तीनंतर असा एखादा अर्ज भरायला मिळणं म्हणजे काय, ते त्याचं त्यालाच ठाऊक. सोबतची कागदपत्रं मी अनुक्रमांक घालून लावली. बायको म्हणाली, आमच्या लग्नाच्या वेळी मी इतका खुललो नव्हतो.

‘शेषराव’ हे नाव आईनं ठेवलं. आई मूळची नागपूरची. १९५६ साली विदर्भ मुंबई राज्यात गेला, नव्या मध्य प्रदेशाची राजधानी भोपाळ झाली आणि नागपूरच्या सचिवालयातले कारकून फायलींसकट इकडे आले. त्यांत आईचे वडीलही होते. आई तेव्हा सोळा वर्षांची. तिला भोपाळात येऊन सत्तरएक वर्षं होत आली, पण तिची भाषा अजून सीताबर्डीच्या पुढे सरकलेली नाही. पिल्लू पाहून ती म्हणाली, “बाप्पा! हा तर आमच्या शेषरावमामासारखाच दिसून राहिला. मामालेबी कोनी हात लावला की डसायचा.”

शेजारी फारशी खळबळ उडाली नाही. ज्या शहराच्या कडेला केरवा-कलियासोतच्या रस्त्यांवर वाघ फिरतो, तिथे फूटभर सापाचं कुणाला काय! आमचे मित्र खानसाहेब जुन्या भोपाळातले, म्हणजे रात्री उशिरापर्यंत पटियावर बसून जगाचे प्रश्न सोडवणाऱ्यांपैकी. त्यांनी डबा उघडून पाहिला आणि माझ्याकडे फार करुणेनं बघितलं. “को खाँ, पालना ही था तो शेर पालते, नाम होता. ये तो जूते का फीता है.”

फीता चावतो, हे त्यांना पुढच्याच क्षणी कळलं.

चावणं मी नंतर बारकाईनं, आणि बहुतेक वेळा स्वतःच्याच अंगठ्यावर, पाहिलं. आधी जिभेची ये-जा थांबते. मान मागे सरकते आणि तिला एक बाक येतो, मग त्याच्या उलट दुसरा. वरच्या ओठाच्या कडेनं बारीक खळग्यांची एक ओळ असते. तिनं त्याला ऊब कळते, म्हणजे अंधारातसुद्धा तुमचा हात त्याला ‘दिसत’ असतो. या सगळ्याची तुम्ही नोंद घेत असता, आणि तेवढ्यात काहीतरी होऊन गेलेलं असतं. डोकं पुन्हा जागच्या जागी, चेहऱ्यावर काही झालंच नाही असा भाव, आणि तुमच्या अंगठ्यावर लाल ठिपक्यांची अर्धगोल रांग. विष नाही. दुखणं म्हणाल तर गुलाबाच्या काट्याइतकंही नाही. दुखतो तो हात हिसडून मागे घेण्यानं, कारण दात आतल्या बाजूला वळलेले असतात आणि ओढाओढीत आपलीच कातडी फाटते. पिल्लाचा एखादा दात मोडून आत राहतो तो वेगळाच. पण अचानक चावल्यावर हात मागे घ्यायचा नाही, हे माणसाच्या कोपराला कोण सांगणार?

पिल्लू चावतं ते निव्वळ भीतीनं. जन्मल्यापासून त्याला आई नसते. म्हणजे असते, पण अंडी फुटेपर्यंतच त्यांना वेटोळं घालून बसते, नंतरचं ज्याचं त्यानं पाहायचं. फूटभर लांबीच्या त्या जिवाला जगातली जवळपास प्रत्येक हलणारी वस्तू खायलाच येत असते, आणि तीही बहुधा वरून, पंख लावून. आपण काय करतो? डब्याचं झाकण काढतो आणि नेमका वरूनच हात घालतो. बायकोनं हे ऐकल्यावर शेषरावांची बाजू घेतली, ती आजतागायत सोडलेली नाही.

लेकीनं म्युनिकहून रोज व्हिडिओ कॉलवर शिकवणी सुरू केली. “बाबा, पहिले दहा-बारा दिवस त्याला हातच लावायचा नाही. फक्त डब्याजवळ बसायचं.”

“आणि काय करायचं?”

“काहीच नाही.”

इथे मला पहिल्यांदा वाटलं की आयुष्यभराचा अनुभव वाया जाणार नाही. डब्याजवळ खुर्ची टाकून मी पेपर वाचू लागलो. पानं हळू उलटायची, उठताना खुर्ची ओढायची नाही. सापाला बाहेरचे कान नसतात, पण जमिनीचा थरकाप त्याच्या खालच्या जबड्यातून आतल्या कानाला पोचतो. त्यामुळे आईच्या हरिपाठाची त्याला काही पडलेली नव्हती, पण मिक्सर लागला की तो मडक्याच्या खापराखाली घुसायचा. शेवटी डब्याखाली फोमचा जाड तुकडा घातला आणि चटणी पाट्यावर वाटली जाऊ लागली. कोण वाटायचं, हे सांगायची गरज नाही.

मग माझं एक वापरलेलं बनियन डब्यात ठेवायचा हुकूम आला, साहेबांना माझ्या वासाची सवय व्हावी म्हणून. साप वास घेतो जिभेनं. बाहेरच्या हवेतले कण जिभेवर घेऊन टाळूतल्या एका इंद्रियाला नेऊन पोचवतो. शेषराव त्या बनियनवर बराच वेळ जीभ फिरवत राहिले आणि नंतर त्यातच झोपले. बायको म्हणाली, “लग्न झाल्यावर मला इतके दिवस नव्हते दिले.”

यापुढचा सगळा अभ्यासक्रम एकाच सूत्रावर चालतो: आपण महत्त्वाचे नाही, हे सापाच्या गळी उतरवायचं. त्याच्या दृष्टीनं जगात तीन गोष्टी आहेत. आपल्याला खाणारं, आपण खायचं, आणि बाकीचं. आपल्याला तिसऱ्या खात्यात बदली करून घ्यायची असते. म्हणून हात घालण्याआधी साबणानं धुवायचा, कारण बोटांना उंदराचा वास असेल तर तुमची बदली थेट दुसऱ्या खात्यात होते, आणि त्या खात्यातला चावा सुटत नाही. भीतीचा चावा क्षणाचा. भुकेचा चावा धरून ठेवतो आणि वर वेटोळं घालतो. तसं झालंच तर ओढायचं नाही, थंड पाण्याची बारीक धार सोडायची. हात धुतल्यावर वळवलेल्या कागदाच्या टोकानं त्याच्या अंगाला हलकेच स्पर्श करायचा, म्हणजे त्याला कळतं की आज जेवण नाही, नुसती भेट आहे. मग बाजूनं, खालून, अंगाच्या मध्यावर हात. डोक्याकडून कधीच नाही. मूठ आवळायची नाही, आधार द्यायचा आणि त्याला जायचं तिकडे जाऊ द्यायचं. एक हात संपला की पुढे दुसरा.

आणि सगळ्यात अवघड कलम: चावला तर लगेच परत ठेवायचा नाही. ठेवलात, तर चावलं की सुटका होते हे तो कायमचं शिकतो. तो शांत होईपर्यंत हात तिथेच ठेवायचा, चेहऱ्यावर काही न दाखवता. अधिवेशनाच्या काळात साहेब समोर ओरडत असताना फायलीकडे बघत उभं राहणं ज्यानं केलंय, त्याला हे जमतं. आमचे जावई कंपनीत मोठ्या हुद्द्यावर आहेत, दिवाळीत आले होते; दुसऱ्याच चाव्याला “आय विल टेक दिस ऑफलाइन” म्हणून बाहेर गेले.

पुण्याच्या नीलिमकुमार खैरे यांनी १९८० साली काचेच्या खोलीत बहात्तर विषारी सापांबरोबर बहात्तर तास काढले होते. डिवचल्याशिवाय साप चावत नाही, हे लोकांना पटवायला. कात्रजचं सर्पोद्यान पुढे त्यांच्याच धडपडीतून उभं राहिलं. मला त्या माणसाबद्दल अपार आदर आहे. फक्त एवढंच सांगतो, की त्या खोलीत सापांना बढती हवी नव्हती.

दुधावरून मात्र घरात वाजलं. नागपंचमीला आईनं तवा चढवू दिला नाही, विळी बाहेर काढू दिली नाही आणि शेषरावांच्या डब्यात दुधाची वाटी ठेवली. साप दूध पीत नाही, त्याला ते पचत नाही, हे मी तिला सांगितलं. “मग लहानपनी गारुड्याचा नाग कसा पिऊन राह्यचा?” त्याचं उत्तर ऐकण्यासारखं नाही, पण सांगितलं: त्या नागाला सणाआधी कित्येक दिवस पाण्याचा थेंबही देत नाहीत, तहानेला जीव समोर येईल ते पितो, दात उपटलेले असतात, कधी तोंड शिवलेलं असतं, आणि त्यातले बहुतेक पुढे मरतात. आई बराच वेळ काही बोलली नाही. मग वाटी उचलून तिनं स्वतःच्या चहात ओतली आणि त्या जागी पाण्याची वाटी ठेवली. “आमी मेले किती पैसे देत होतो रे त्याले,” एवढंच म्हणाली.

शेषरावांचं खरं जेवण म्हणजे आठवड्याला उंदराचं एक पिल्लू. ते गोठवलेलं येतं, कोमट पाण्यात सोडून उबदार करावं लागतं. त्यासाठी मागच्या खोलीत एक छोटा वेगळा फ्रीझर घेतला, तरीही महिनाभर आईनं घरातल्या कुठल्याही फ्रीजमधलं दही खाल्लं नाही. जेवल्यावर दोन दिवस त्याला हातात घ्यायचं नसतं, नाहीतर खाल्लेलं बाहेर येतं. कात टाकायच्या आधी त्याचे डोळे निळसर-दुधी होतात, नीट दिसत नाही आणि स्वभाव आणखीच तिरसट होतो, तेव्हाही सुट्टी. जानेवारीत इथला पारा आठ-दहावर उतरतो, तेव्हा डब्याची एक बाजू एकतीस-बत्तीस अंशांवर ठेवणारी गादी लागते. आमच्या घरात हीटर फक्त शेषरावांकडे आहे. खानसाहेब हल्ली थंडीत त्यांच्याच खोलीत गप्पा मारायला बसतात, आणि फीता म्हणत नाहीत.

केव्हापासून चावणं थांबलं, ते सांगता यायचं नाही. एकदा पेपर वाचताना लक्षात आलं की ते बाहीतून आत शिरून कोपरापाशी थांबलेत आणि जीभ निवांत आत-बाहेर करतायत. मी लेकीला फोन लावला. तिचा गळा दाटून आला. “बाबा, त्याला तुमचा लळा लागला!” लळाबिळा काही नाही. सापाला लळा लागत नाही. तो तुमची दखल घेणं बंद करतो, बस. मला त्याचं वाईट वाटलं नाही. आमच्या घरात ती पद्धत पूर्वीपासून आहे.

मग डॉक्टरांनी तपासून सांगितलं की शेषराव मादी आहेत. आईनं नाव बदलायला साफ नकार दिला. डॉक्टर म्हणाले, नीट सांभाळलं तर पंचवीस-तीस वर्षं सहज काढतील. माझं वय त्यांना माहीत असावं, कारण पुढचं ते माझ्याकडे न बघता बोलले: अमेरिकेत सेंट लुईसच्या प्राणिसंग्रहालयात अशीच एक मादी १९६१ साली आली, आणि २०२०मध्ये, वयाच्या बासष्टीच्या पुढे, कित्येक वर्षं नराचं तोंड न पाहता तिनं सात अंडी घातली.

मध्य प्रदेशात सरकारी माणूस बासष्टाव्या वर्षी निवृत्त होतो. २०१८पूर्वी साठावर व्हायचा. मी बासष्ट पुरी करून निघालो.

घरी आल्यावर मी ही हकीकत सांगितली. शेषराव माझ्या डाव्या मनगटाला गुंडाळलेले होते. बायको भाजी निवडत होती. तिनं मान वर केली.

“बासष्टीनंतरही काहीजण काही करतात म्हणायचं,” ती म्हणाली. “उठा, कुकर बंद करा.”

“माझ्या हातात साप आहे.”

“दुसरा मोकळा आहे ना?”