लेखाशीर्ष : किरकोळ

नानांना लेकीचा साखरपुडा कधी झाला ते विचारा. "तूरडाळ दोनशेला टेकली होती तेव्हा. ऑक्टोबर 2015." नातवाचं बारसं, कांदा शंभरीपार गेला त्या डिसेंबरातलं, म्हणजे 2019. गुडघ्याचं ऑपरेशन जुलै 2023 मधलं. शुद्धीवर येताच त्यांनी टोमॅटोचा भाव विचारला आणि दीडशे ऐकून पुन्हा डोळे मिटले. लग्नाची तारीख मात्र आठवत नाही. "कशी आठवेल?" माई म्हणतात. "त्या दिवशीचा सगळा खर्च माझ्या वडिलांनी केला. यांच्याकडे नोंद कुठली?"

नाना बँकेतून निवृत्त झाले आणि पुढच्या 1 एप्रिलला त्यांनी स्वयंपाकघराचा ताबा घेतला. स्वयंपाकाचा नव्हे, हिशेबाचा. तोवर माईंचा कारभार डब्यांवर चालायचा. दुधाचे पैसे साबुदाण्याच्या डब्यात, भाजीचे देवघरातल्या वाटीखाली, अडीअडचणीचे तांदळाच्या तळाशी. तीस-बत्तीस वर्षांत घर कधी अडलं नाही, पण नानांच्या मते तो निव्वळ योगायोग. आता लाल कापडी बांधणीची वही आली, तिच्यात लेखाशीर्षं पडली : धान्य, कडधान्य, तेल-तूप, भाजी, किरकोळ. दिवाळीत माईंनी चकलीच्या भाजणीला पैसे मागितले, तर नाना म्हणाले, "या शीर्षाखाली तरतूद नाही. पुरवणी मागणी लेखी द्या." माईंनी मागणी दिली नाही आणि चकल्याही केल्या नाहीत. भाऊबिजेच्या सकाळी, बहिणी यायच्या तासभर आधी, मागणी चर्चेविना मंजूर झाली.

लिटरभर तेलाचं वजन 910 ग्रॅमच भरतं हा शोध नानांना पिशवीवरचा बारीक मजकूर भिंगातून वाचताना लागला. ते चपला न काढता स्वयंपाकघरात शिरले. "म्हणजे आजवर दर पिशवीमागे 90 ग्रॅम?" तेल पाण्याहून हलकं असतं, त्यात कुणी कुणाला फसवलेलं नाही, हे मी समजावून पाहिलं. माई एवढंच म्हणाल्या, "मी पळीनं घालते."

22 सप्टेंबर 2025 ला तुपावरचा जीएसटी 12 चा 5 टक्के झाला, बिस्किटांवरचा 18 चा 5. त्या सकाळी आमच्या कोपऱ्यावरच्या किराणावाल्यानं शटर वर केलं, तर आधी नानांचे पाय दिसले, मग पिशवी, मग वर्तमानपत्राचं कात्रण. "काका," तो बिचारा म्हणाला, "निदान उदबत्ती तरी लावू द्या."

भाजी मात्र दर गुरुवारी मंडईतूनच. अष्टकोनी मनोऱ्याला त्यांच्या तीन प्रदक्षिणा होतात. पहिली भाव विचारायची, दुसरी ऐकलेल्या भावाबद्दल हळहळायची, तिसरी पहिल्याच बाईकडे परत यायची. तीही आता सरावली आहे. पहिल्या फेरीला ती मान वर करत नाही, तिसऱ्या फेरीला मेथी बांधूनच ठेवते. वर कढीपत्ता फुकट. पाव किलो वांगी घेतली तरी नाना कढीपत्ता मागून घेतात. "हयातीत कढीपत्त्याला दिडकी दिलेली नाही," हे वाक्य ते शौर्यपदकासारखं छातीवर लावून फिरतात.

महिनाअखेरीचा ताळा हा आमच्या मजल्याला धाक असतो. एकदा रात्री साडेअकराला बेल वाजली. दारात नाना, हातात वही. "मंगळवारी तुम्ही आमच्याकडून वाटीभर साखर नेली होती का?" नेली होती. मी मुकाट्यानं वाटी भरून दिली. तिची नोंद 'येणे वसूल' अशी झाली, हे नंतर कळलं. बँकेत असताना हा माणूस काय करत असेल या विचारानं मला त्या रात्री त्यांच्या कर्जदारांची फार दया आली.

गेल्या महिन्यात नाना तापानं पडले, तेव्हा वही लिहायचं काम माईंकडे आलं. मी विचारपूस करायला गेलो, तर माई चष्मा लावून मागची पानं चाळत बसल्या होत्या. एका पानावर थांबल्या, मग आधीच्या, मग त्याच्याही आधीच्या. शेवटी वही माझ्याकडे सरकवली. दर गुरुवारी, किरकोळ खाती, नानांच्या वळणदार अक्षरात एकच ओळ होती : 'कढीपत्ता, रोख, रु. 80.'

माई काही बोलल्या नाहीत. वही मिटून त्यांनी नानांना काढा दिला.

पुढच्या गुरुवारी नाना बरे होऊन पिशवी घेऊन निघाले. जिन्यात मी बरोबरच होतो. आम्ही दुसरा मजला उतरत होतो, तेवढ्यात वरून माईंचा आवाज आला.

"अहो, आज कढीपत्ता दोन प्लेट आणा. आणि माझ्या कढीपत्त्याचं सँपल वेगळं बांधून घ्या!"