बुडालेल्या जहाजाची मिळकत

नॉर्डिक देशांच्या सहलीची माहितीपत्रकं सगळी एकाच साच्यातली. निळे फियॉर्ड, आकाशात हिरवे नॉर्दर्न लाइट्स, मध्यरात्रीचा सूर्य आणि या सगळ्यासमोर जाकिटांत गुरफटून हसणारं एक जोडपं. त्यात खोटं काही नाही. नॉर्वेतल्या गाइरांगर फियॉर्डसमोर बोटीतले बडबडे प्रवासीही गप्प होतात. पण निसर्गाने दिलेल्या देखाव्यांपेक्षा या मंडळींनी आपल्या फजितीचं जे करून ठेवलंय, ते मला अधिक प्रेक्षणीय वाटतं.

आपण झाकली मूठ सव्वा लाखाची मानणारे. मुलाचे मार्क, भावाचा बसलेला धंदा, हे पाहुण्यांसमोर काढायचं नाही. स्टॉकहोमने मात्र सरळ मूठ उघडली आणि संग्रहालयाच्या दाराशी तिकीट लावलं.

आत ‘वासा’ हे जहाज आहे. स्वीडनचा राजा दुसरा गुस्ताव अडॉल्फ याने ते पोलंडशी चाललेल्या युद्धासाठी बांधवून घेतलं. तोफांचे दोन मजले, एकूण ६४ तोफा, कडेकडेने कोरलेले सिंह, राजे, देवदेवता. निघण्याआधी ते कितपत स्थिर आहे हे बघायला तीस खलाशांना डेकवर या कडेपासून त्या कडेपर्यंत पळवलं. तिसऱ्या फेरीला जहाज इतकं डोलायला लागलं की ॲडमिरलने चाचणीच थांबवली. जहाज नव्हे, चाचणी! राजा परदेशात लढाईवर, त्याला घाई. मग नाही म्हणणार कोण? १० ऑगस्ट १६२८ रोजी काठावर गर्दी जमली, शिडं उभारली. वाऱ्याच्या एका झोताने जहाज कललं, तोफांसाठी उघडलेल्या झडपांतून पाणी शिरलं आणि जेमतेम १३०० मीटर जाऊन ते बंदरातच तळाला गेलं. तीसेक माणसंही गेली.

रीतसर चौकशी झाली. कप्तानाला कोठडीत घालून विचारलं, दारू प्यायला होतास का? तो म्हणाला, नाही. जहाज बांधणारा मुख्य कारागीर आदल्या वर्षीच वारला होता. मापं खुद्द राजाने मंजूर केलेली. तेव्हा शिक्षा कोणालाच झाली नाही. एवढं वाचल्यावर मात्र आपण परदेशात आहोत असं मला वाटेना.

जहाज ३३३ वर्षं पाण्यात राहिलं. बाल्टिक समुद्रात मीठ कमी, त्यामुळे लाकूड पोखरणारा किडा तिथे जगत नाही. एरवी एवढं जहाज शिल्लकच राहिलं नसतं. १९५६ साली आंदेर्स फ्रांत्सेन नावाचा संशोधक तळाशी एक पोकळ यंत्र सोडून सोडून बघत होता. एकदा त्यात ओकच्या काळ्याठिक्कर लाकडाचा तुकडा अडकून वर आला आणि ठिकाण सापडलं. १९६१ साली जहाज वर काढलं, मग लाकूड तडकू नये म्हणून सतरा वर्षं त्यावर रसायनाचे फवारे मारले.

संग्रहालयात उजेड मुद्दाम मंद ठेवलाय. डोळे सरावले की जहाजाची मागची बाजू पाच-सहा मजली उंच समोर उभी राहते. माणसं माना मागे टाकून ती नक्षी बघतात. जहाजात बांधकामावरच्या सुतारांच्या चार मोजपट्ट्या सापडल्या. दोन पट्ट्यांवर फुटाचे इंच बारा, उरलेल्या दोन पट्ट्यांवर अकरा. एक माप स्वीडनचं, दुसरं ॲमस्टरडॅमचं. ज्याने त्याने आपापल्या फुटाने काम केलं. जहाजाच्या दोन्ही बाजू सारख्या नाहीत, यात आश्चर्य ते काय!

हाच शिरस्ता इतर ठिकाणी. कोपनहेगनची प्रसिद्ध ‘लिटल मर्मेड’ फक्त सव्वा मीटर उंच. बसमधून उतरलेला पर्यटक आधी तिच्यामागे आणखी कुठे मोठी आहे का ते बघतो. १९१३ साली ती बसवली. चेहरा एका बॅले नर्तकीचा, पण विवस्त्र बसायला तिने नकार दिल्याने बाकीचं शरीर शिल्पकाराच्या बायकोचं. १९६४ मध्ये कोणीतरी तिचं डोकंच कापून नेलं, मग मूळ साच्यातून नवं ओतलं. डेन्मार्क हे लपवत नाही. आइसलँडमध्ये ज्या गरम कारंज्याचं जगभर नाव झालं, ते गेसिर आता बहुतेक वेळ झोपलेलंच असतं. शेजारचं स्ट्रोकुर मात्र दर काही मिनिटांनी इमाने इतबारे उडतं, आणि कॅमेरे त्याच्याकडे वळलेले असतात.

सगळ्यांवर कडी केली नॉर्वेच्या नॉर्डकॅपने. युरोपचं उत्तर टोक म्हणून ३०७ मीटर उंच कड्यावर बस जाते, लोखंडी पृथ्वीगोलाजवळ लोक फोटो काढतात. पण शेजारचं क्निव्हशेलोड्डेन नावाचं बसकं टोक समुद्रात आणखी दीडेक किलोमीटर उत्तरेला घुसलेलं कड्यावरूनच दिसतं. तिथे बस जात नाही, जाऊन येऊन अठरा किलोमीटर चालावं लागतं. खरं काय ते नॉर्वे सरळ सांगून मोकळा होतो. लोक ऐकून घेतात, मान डोलावतात आणि परत गोलाजवळ रांग लावतात.

परतल्यावर नातेवाईक विचारतात, काय काय बघितलंत? आपण सांगावं : बुडालेलं जहाज, डोकं गेलेली जलपरी, झोपलेलं कारंजं आणि दुसऱ्या क्रमांकाचं टोक. त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसतं, की यांचे पैसे बुडाले. बुडालं खरं तर राजाचं जहाज. चार शतकं होत आली, ते आता कुठे कमावतं झालंय.