पयाचं कोणासाठी?

मंगरूळपीरला चाळिशीपुढचा माणूस पळताना दिसला की लोक दोनच प्रश्न विचारतात. गाडी सुटली काय, की कुत्रं मागं लागलं? तिसरं कारण आमचे मास्तर यंदा मुंबईहून घेऊन आले. चॅरिटी!

मास्तरांचा मुलगा तिकडे नोकरीला आहे. त्याने जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी बापाला मुंबई मॅरेथॉनच्या ड्रीम रनमध्ये उतरवलं. हा सहा किलोमीटरच्या आसपासचा हौशी प्रकार. वेळ मोजत नाहीत, नंबर काढत नाहीत. कोणी झाड होऊन येतो, कोणी गांधीजी, कोणी बाशिंग बांधून नवरदेव. मास्तर आपले रोजच्या धोतर-टोपीत गेले. लोकांना वाटलं, वऱ्हाडी शेतकऱ्याचं सोंग काय झकास जमलंय! रांग लावून फोटो काढले. धावणं राहिलं बाजूला, पण परत आल्यावर मास्तर जमिनीवर नव्हते.

"गड्या, आपल्याकडंबी अशी दौड काढू," बसस्टँडच्या टपरीवर त्यांनी जाहीर केलं. "गरिबासाठी. तू आन् मी पुढं पयू."

"कोणत्या गरिबासाठी?"

"ते मंग पाहू. आधी टी-शर्टाचा रंग ठरव."

रंगावर दोन दिवस गेले. भगवा म्हणावं तर एक गट रुसतो, हिरवा म्हणावं तर दुसरा, निळ्याला तिसऱ्याची परवानगी लागते. शेवटी पांढरा ठरला, कारण पांढऱ्यावर प्रायोजकांची नावं उठून दिसतात. मार्ग मात्र मास्तरांनी चुटकीसरशी काढला. बिरबलनाथ महाराजांच्या मंदिरापासून दादाहयात कलंदरांच्या दर्ग्यापर्यंत. या गावात कुठलंही काम असंच सुरू करतात. दोन्हीकडचा आशीर्वाद असला की नगरपालिकेचा नसला तरी चालतं.

मग हिशेब मांडला. दोनशे माणसं, प्रत्येकी तीनशे रुपये, जमा साठ हजार. मास्तरांनी टपरीवाल्याकडून कागद मागून खर्च लिहायला घेतला. टी-शर्ट तीस हजार. पळणाऱ्या प्रत्येकाच्या गळ्यात पदक हवंच, आठ हजार. मंडप, स्टेज आणि डीजे बारा हजार. बॅनर पाच हजार, त्यात वाढदिवसाचे इच्छुक धरलेले नाहीत. पोहे आणि केळी पाच हजार. पाहुण्यांच्या शाल-श्रीफळाचे तीन हजार; पाहुणे किती येतील ते पाहुण्यांनाही माहीत नसतं, म्हणून हा आकडा लवचीक. बेरीज त्रेसष्ट हजार.

"म्हंजे गरिबाले काय राह्यलं?" मी विचारलं.

मास्तरांनी चष्मा पुसून पुन्हा बेरीज केली. "तीन हजार आपल्याच अंगावर येऊन राह्यले. वर्गणी काढा लागन."

चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला. पण यात आमचे मास्तर एकटे नाहीत. जिल्ह्याजिल्ह्यात, तालुक्यातालुक्यात हल्ली कशाकशासाठी धावतात. आरोग्यासाठी, पाण्यासाठी, लेकीसाठी, मतदानासाठी. 31 ऑक्टोबरला सरदार पटेलांच्या जयंतीला एकतेसाठी धावायचं, हे तर 2014 पासून सरकारी कॅलेंडरात आहे. झेंडी दाखवणारे नेते पहिली पन्नास पावलं असे धावतात की वाटावं, सारं आयुष्य धावपट्टीवरच गेलं. कॅमेरा खाली झाला की मागून गाडी येते. पोरं पुढं पळतात, आणि ज्याच्यासाठी धावले ते पाणी आपलं टँकरने येतं.

मुंबईवाल्यांना मात्र नुसतं हसून चालणार नाही. 2004 साली ती मॅरेथॉन सुरू झाली, आणि तिच्या आधाराने दरवर्षी कोट्यवधी रुपये संस्थांना जातात. ते पैसे टी-शर्टातून निघत नाहीत. संस्थेसाठी धावणारा माणूस आधी महिना-दोन महिने घरोघर, मेल करकरून, ऑफिसात टेबलाटेबलाशी जाऊन मागतो. मी धावतोय, माझ्या नावावर या अनाथाश्रमाला एवढे द्या. काका देतात, साहेब देतो, लाजेकाजेस्तव शेजारीही देतो. धावणं हे निमित्त. खरं काम हात पसरायचं.

या प्रकाराचा महागुरू म्हणजे कॅनडाचा टेरी फॉक्स. कर्करोगाने उजवा पाय गेलेला एकवीस वर्षांचा पोरगा. एप्रिल 1980 मध्ये कृत्रिम पायावर देशाच्या एका टोकाकडून निघाला. रोज जवळजवळ एक मॅरेथॉन, असे 143 दिवस, 5,373 किलोमीटर. रोग फुफ्फुसात पोहोचला तेव्हा थांबला. पुढच्या वर्षी गेला. त्याची मागणी साधी होती: संशोधनासाठी देशातल्या प्रत्येकाने एक डॉलर द्यावा. लोकसंख्या होती दोन कोटी चाळीस लाख. 1981 च्या फेब्रुवारीतच निधी त्या आकड्यापुढे गेला. त्याच्या नावाची दौड आजही जगभर निघते, तिला प्रवेश फी नाही.

मास्तरांना हे सांगितलं, तर ते गप्प झाले. मग म्हणाले, "पयाले सांग, पयतो. पण त्या अडत्याले शंभर रुपये मांगाची मले लाज वाटते."

लाज? अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावच्या गाडगेबाबांनी फाटक्या गोधडीत, हातात खराटा घेऊन लोकांकडून पैसे जमवले आणि पंढरपूर-नाशिकला धर्मशाळा उभ्या केल्या. स्वतःला मात्र त्यातलं काही घेतलं नाही. त्यांच्या वऱ्हाडात मागायची लाज आणि टी-शर्टवर नाव छापायची नाही!

तरी सराव सुरू झाला. मी आणि मास्तर पहाटे पाचला कारंजा रोडला. मास्तरांच्या पायात जावयाचे बूट, एक नंबर मोठे, म्हणून पुढं चिंधी कोंबलेली. शंभर पावलांत त्यांना एक सोयरा भेटला, दीडशेवर मला तुरीचे भाव आठवले, आणि आम्ही पुलाच्या कठड्यावर टेकलो. तेवढ्यात अंधारातून पायांचा आवाज आला. दहा-बारा पोरं, तीन पोरी. काही अनवाणी. रस्त्याकडेला चुन्याने खूण केलेली, तिथं एक पोरगा मोबाइल हातात धरून आकडे ओरडत होता. पोलीस भरतीची पोरं. मुलांना 1600 मीटर, मुलींना 800, त्याला 20 गुण; शंभर मीटरला 15, गोळाफेकीला 15. एक पोरगा खुणेवर येऊन वाकला, गुडघ्याला हात लावून थुंकला, वेळ ऐकली, एक शिवी हासडली आणि परत सुरुवातीच्या खुणेकडे चालू लागला. मागून सोयाबीनचा ट्रक गेला तेव्हा सगळी लाइन नालीत उतरली आणि ट्रक गेल्यावर वर आली. त्यांच्या गळ्यात पदक टाकायला कोणी येत नाही. भरती निघाली तर निघाली, नाही तर वय निघून जातं.

आणि शेजारच्या बुलढाण्याच्या लता भगवान करे आठवा. मजुरीसाठी बारामतीकडे गेलेलं कुटुंब. नवऱ्याच्या उपचाराला पैसे नव्हते, म्हणून साठी ओलांडलेली ही बाई नऊवारीत, अनवाणी, ज्येष्ठांच्या शर्यतीत धावली आणि पहिली आली. पुढं त्यांच्यावर सिनेमा निघाला, त्यात त्यांनी स्वतःच काम केलं, राष्ट्रीय पुरस्कारांत विशेष उल्लेखही झाला. त्यांची दौडही चॅरिटीचीच. फक्त गरीब शोधायला बाहेर जावं लागलं नाही.

कठड्यावर बसून आम्ही नवा ठराव केला. दौड रद्द नाही, पण फी नाही, टी-शर्ट नाही, पदक नाही, डीजे तर नाहीच. पळायला येणाऱ्याने दहा ओळखीच्यांकडून पैसे मागून आणायचे. पाहुण्यांनाही हाच नियम. न आणणाऱ्याला झेंडी मिळणार नाही. हे ऐकताच पाहुण्यांची यादी आपोआप कोरी झाली.

गरीबही सापडला. कारंजा रोडच्या पोरांना एक सपाट मैदान, दोन गोळे (मुलांचा 7.26 किलोचा, मुलींचा 4 किलोचा), मोजायची टेप आणि अनवाणी पायांना बूट हवेत. मैदान नगरपालिकेकडे मागू. बाकीचं तुमच्याकडे मागतोय. पैसे मास्तरांकडे द्या, पावती घ्या. माझ्याकडे देऊ नका, मी अध्यक्ष आहे.