गादी कुणाचीही असो, हिशेब दाखवा

राजा परवडतो का, यावर ब्रिटनमध्ये दरवर्षी खडाजंगी होते, कारण आकडे सगळ्यांसमोर असतात. 2024-25 साली राजघराण्याच्या कामकाजासाठी सरकारी तिजोरीतून 8 कोटी 63 लाख पौंड गेले, सुरक्षेचा खर्च वेगळाच. 2023 च्या राज्याभिषेकावर सरकारचे 7 कोटी 20 लाख पौंड खर्च झाले. एक बाजू म्हणते, राजामुळे पर्यटक येतात, देशाची ओळख टिकते. दुसरी विचारते, निव्वळ जन्माच्या जोरावर कुणाला सरकारी पैसा का? दोघेही भांडतात ते एकाच ताळेबंदावर बोट ठेवून.

आपल्याकडे हा वाद 1971 साली संपला. त्याच्या आदल्या वर्षी माजी संस्थानिकांचे तनखे बंद करणारे विधेयक राज्यसभेत थोडक्यात पडले. मग राष्ट्रपतींच्या आदेशाने राजांची मान्यता काढून घेतली गेली. ग्वाल्हेरच्या माधवराव शिंद्यांनी त्याला आव्हान दिले आणि सर्वोच्च न्यायालयाने तो आदेश रद्द केला. अखेर 26 वी घटनादुरुस्ती झाली, तनखे गेले, पदव्याही गेल्या. हे योग्यच झाले. जन्माने मिळणाऱ्या मानाला लोकशाहीत पगार नसतो.

पण वाद संपला म्हणून हिशेबाचा प्रश्नही संपला का? त्यासाठी जव्हार आणि मोखाड्याकडे पाहावे. पालघर जिल्ह्यातले हे दोन तालुके एकमेकांना खेटून आहेत. दोन्हीकडे डोंगर तोच, पाऊस तोच, नाचणी-वरई तीच. तरी इतिहास वेगळा आहे. जव्हारला राजा होता. मोखाडा शहापूरला जोडलेला, थेट इंग्रज सरकारच्या अमलाखाली.

जव्हारच्या मुकण्यांची गादी चौदाव्या शतकापासूनची. घराणे महादेव कोळी समाजातले, म्हणजे आदिवासी राजा. सुरतेवर जाताना शिवाजी महाराज इथल्या शिरपामाळावर थांबले, ही आठवण जव्हारकर आजही अभिमानाने सांगतात. नगरपालिका 1918 मध्ये, संस्थानच्याच काळात आली. शेवटचे राजे यशवंतराव मुकणे दुसऱ्या महायुद्धात हवाई दलात होते, पुढे काँग्रेसचे खासदार झाले. त्यांचा जयविलास राजवाडा आजही गावाची ओळख आहे. ज्या समाजाला बाकी सगळीकडे खालच्या पायरीवर बसवले, त्याच्यातला माणूस इथे गादीवर बसला. या अभिमानाची किंमत पैशात होत नाही आणि त्याला कुणी हसूही नये.

राजवाड्याच्या टेकडीवरून उतरून पाड्यांकडे निघालात, की दोन्ही तालुक्यांचा इतिहास एक होतो. 1992-93 मध्ये जव्हारच्या वावर-वांगणीत कुपोषणाने आणि आजाराने शंभराहून अधिक मुले दगावली. 2016 मध्ये मोखाड्यातल्या बालमृत्यूंनी राज्य हादरले. ऑगस्ट 2022 मध्ये, देश स्वातंत्र्याचा अमृतमहोत्सव साजरा करत असताना, मोखाड्याच्या मर्कटवाडीत एक बाई घरीच, दिवस भरण्याआधी बाळंत झाली. जुळी होती, दोन्ही बाळे गेली. रक्तस्राव थांबेना, म्हणून घरच्यांनी चादरीची झोळी केली आणि निसरड्या वाटेने सुमारे तीन किलोमीटर तिला डांबरी रस्त्यापर्यंत उचलून आणले. पाड्याला रस्ता नव्हता.

दिवाळी झाली की दोन्ही तालुक्यांतली घरे कुलूपबंद होतात. शेजारी सांगतात, 'जगायला गेलेत.' भिवंडी-वसईच्या वीटभट्ट्यांवर, पोराबाळांसकट.

आणि पाणी? मोखाड्यात पाऊस धो धो पडतो. तालुक्यातल्या कोचाळ्याजवळ मध्य वैतरणेचे 102 मीटर उंच धरण उभे आहे. त्यातले पाणी मुंबईला जाते. मुंबईने प्यावेच, माणसेच राहतात तिथे. पण एप्रिल-मे महिन्यांत त्याच तालुक्यातल्या बाया विहिरीच्या तळाशी उतरून वाटीने हंडा भरतात, टँकरची वाट पाहतात. वरच्या पाड्यांची तहान आधी भागवायची, ही अट धरण बांधतानाच का घातली नाही?

1 ऑगस्ट 2014 रोजी पालघर जिल्हा झाला. मुख्यालय जव्हारला द्या, ही मागणी जुनी होती. ते पालघरला गेले. तिथे सिडकोने जमिनीच्या बदल्यात भव्य इमारती बांधून दिल्या. मोखाड्याच्या माणसाला तिथे पोचायला शंभरेक किलोमीटर जावे लागते. एका दाखल्यासाठी एक दिवसाची मजुरी बुडते. या दगडी थाटाचा खर्च किती आणि त्यातून शेवटच्या पाड्याला मिळाले काय, हे विचारायला राजेशाही लागत नाही.

म्हणून राजाच्या आठवणीने गहिवरणाऱ्यांना आणि राजा गेला म्हणून समाधानाने बसलेल्यांना माझे एकच म्हणणे आहे. जव्हारला राजा होता, मोखाड्याला नव्हता, आज टँकरच्या रांगेत दोघे सारखे. राज्य कुणाचे, यापेक्षा त्या राज्याला जाब विचारणारा कोण, यावर पाड्याचे नशीब ठरते.

जाब विचारायचे हत्यार कायद्याने हातात दिले आहे. दोन्ही तालुके अनुसूचित क्षेत्रात येतात. 1996 च्या पेसा कायद्याने ग्रामसभेला अधिकार दिले. आदिवासी उपयोजनेतला 5 टक्के निधी थेट ग्रामपंचायतींना मिळतो. तो किती आला, कशावर गेला, कोणत्या पाड्याला काय मिळाले, हे ग्रामसभेत मोठ्याने वाचून दाखवायला लावा. नुसत्या सह्यांवर ठराव मंजूर होऊ देऊ नका. लंडनची प्रजा आपल्या राजाचा खर्च दरवर्षी वाचते. जव्हार-मोखाड्याचे नागरिक तर कुणाची प्रजा नाहीत, मालक आहेत. येत्या ग्रामसभेला जा आणि हिशेब मागा.