म्यानमीमांसा

बायबलमधल्या तलवारींवर पंडितांनी बरीच शाई आटवली. म्यानाच्या वाट्याला त्यातले चार थेंबही आले नाहीत. नुसत्या जुन्या करारात तलवार चारशेहून अधिक वेळा येते. म्यान मात्र अवघ्या बायबलमध्ये जेमतेम दहा ठिकाणी. यावरून पूर्वपक्ष असा की, म्यान ही गौण वस्तू असून तिच्यावर प्रबंध लिहिणाऱ्याला दुसरा उद्योग नसावा. या आक्षेपाचा उत्तरार्ध मान्य करून पूर्वार्धाचे खंडन करतो.

अधिकरण पहिले : गल्याथ. शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकाने या महाकाय पलिष्ट्याचा जवळजवळ पंचनामाच केला आहे. चिलखत ५,००० शेकेल पितळेचे, भाल्याचे पाते ६०० शेकेल लोखंडाचे, पुढे ढाल घेऊन चालणारा माणूस वेगळा. म्यानाविषयी अवाक्षर नाही. दावीदाच्या गोफणीने गल्याथ पालथा पडतो, दावीद धावत जाऊन त्याचीच तलवार उपसून त्याचे मुंडके उडवतो, तेव्हा कुठे म्यानाचा प्रथम उल्लेख होतो. यातून निघणारे अनुमान मोठे आहे : चाळीस दिवस सकाळ-संध्याकाळ आरोळ्या ठोकणाऱ्या या वीराची तलवार अखेरच्या क्षणापर्यंत म्यानातच होती!

संशय पुढे आहे. काही काळाने राजा शौलापासून पळून आलेला दावीद नोब गावी अहीमलेख याजकाकडे शस्त्र मागतो. तिथे हीच तलवार एफोद या याजकवस्त्रामागे ठेवलेली आहे, पण कापडात गुंडाळून. मग म्यान गेले कुठे? टीकाकार इथे गप्प आहेत. आमचे मत असे की, चष्मा घरात असतो आणि चष्म्याचे घर मात्र सापडत नाही, हा नियम राजा शौलाच्या काळापासून लागू आहे.

अधिकरण दुसरे : यवाब. गिबोनच्या मोठ्या धोंड्यापाशी दावीदाचा सेनापती यवाब आपला मावसभाऊ अमासा याला भेटतो. कमरेच्या पट्ट्याला म्यान, म्यानात तलवार. तो पुढे होतो आणि तलवार आपोआप निसटून खाली पडते. ख्यालीखुशाली विचारत तो उजव्या हाताने अमासाची दाढी धरतो, जणू मुका घेण्यासाठी. डाव्या हातात काय आहे हे अमासाला दिसत नाही, आणि पुढच्या वाक्यात त्याचा कोथळा बाहेर. जगाच्या वाङ्मयात सैल म्यानाचा इतका कसलेला उपयोग क्वचितच सापडेल. पुढे मृत्युशय्येवर दावीद आपला मुलगा शलमोन याला यवाबाचा गुन्हा सांगतो, तेव्हा कमरेचा पट्टा आणि पायातले जोडे रक्ताने माखल्याचे आवर्जून नोंदवतो. मुख्य साथीदार जे म्यान, त्याचे नाव आरोपपत्रात नाही.

याच संदर्भात डावखुऱ्या एहूदाचे प्रकरण पाहावे. दुधारी तलवार त्याने उजव्या मांडीला, कपड्यांच्या आत बांधली होती. मवाबाचा स्थूल राजा एग्लोन याच्या पोटात ती मुठीसकट गेली, वरून चरबी मिटली आणि एहूदाने ती बाहेर काढलीच नाही. म्यानाचा उल्लेख या कथेत नाही. राजाने ती उणीव स्वतः भरून काढली.

अधिकरण तिसरे : देवदूत. दावीदाने शिरगणती केली, देशावर मरी आली, ७०,००० माणसे गेली. इतिहासाच्या पहिल्या पुस्तकात पृथ्वी आणि आकाश यांच्यामध्ये उभा असलेला देवदूत उपसलेली तलवार यरुशलेमेवर उगारतो, आणि अर्णान यबूसीच्या खळ्यावर अर्पण झाल्यावर परमेश्वराच्या आज्ञेने ती म्यानात घालतो. हीच कथा शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकात आहे. तिथे देवदूत आहे, पण त्याच्या हाती तलवार दिसत नाही आणि अर्थात म्यानही नाही. त्या खळ्याच्या जागीच पुढे शलमोनाने मंदिर बांधले. म्हणजे ज्या जागी तलवार म्यान झाली, ती जागा पवित्र. तरीही शंका उरते : देवदूताच्या पोशाखात म्यान अडकवण्याची सोय कुठे असते?

अधिकरण चौथे : न ऐकणारी तलवार. यिर्मयाच्या सत्तेचाळिसाव्या अध्यायात परमेश्वराच्या तलवारीला विनवणी आहे की, बाई, आता म्यानात जा, स्वस्थ बस. उत्तर येते की वरूनच हुकूम आहे, ती स्वस्थ कशी बसेल? यहेज्केलाच्या एकविसाव्या अध्यायात परमेश्वर बजावतो की उपसलेली तलवार म्यानात परतणार नाही; त्याच अध्यायाच्या शेवटाकडे तिला म्यानात घालण्याची आज्ञाही मिळते. ही आज्ञा नेमकी कोणाला, यावर भाष्यकारांचे अद्याप एकमत नाही. सरकारी कामकाजाचा अनुभव असलेल्या वाचकाला हे अजिबात खटकणार नाही.

अधिकरण पाचवे : पेत्र. बागेत येशूला धरायला माणसे आली, तेव्हा पेत्राने महायाजकाचा दास मल्ख याचा उजवा कान छाटला. तलवार म्यानात घाल, अशी येशूची आज्ञा योहान नोंदवतो. मत्तय नुसते तिच्या जागी घाल म्हणतो. प्राचीन ख्रिस्ती लेखक तेर्तुलियन याने यातून अर्थ काढला की, पेत्राला निःशस्त्र करून प्रभूने सगळ्याच शिपायांचे कमरपट्टे सोडवले. पोप आठवे बोनिफेस यांनी याच वाक्यातून उलटा अर्थ काढला. १३०२ च्या ‘उनाम सांक्ताम’ या फर्मानात त्यांचा युक्तिवाद असा : प्रभूने ‘तुझी तलवार’ म्हटले, म्हणजे ती पेत्राची ठरली, म्हणून ऐहिक सत्तेची तलवारही पेत्राच्या वारसांच्याच अखत्यारीत. तलवार आत ठेवण्याच्या हुकमातून तिचा सातबारा मिळवणे ही प्रतिभेची कमाल होय. लूकाच्या शुभवर्तमानात शिष्य दोन तलवारी दाखवतात. पोपांनी त्या दोन्ही एका म्यानात कोंबल्या. एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत हे फ्रान्सचा राजा चौथा फिलिप याला ठाऊक होते. सप्टेंबर १३०३ मध्ये त्याच्या माणसांनी अनान्यी गावी पोपांना धरले. सुटका झाली, पण पुढच्याच महिन्यात त्यांनी देह ठेवला.

आता सिद्धान्त. एदेन बागेच्या वाटेवर गरगर फिरणारी ज्वालामय तलवार आहे, तिला म्यान नाही. प्रकटीकरणात तलवार थेट मुखातून निघते, तिलाही म्यान नाही. यशया आणि मीखा यांनी सांगितलेल्या शांतीच्या दिवशी तलवारींचे फाळ होतात, भाल्यांचे कोयते होतात. म्यानांचे काय करायचे याची तरतूद दोघांनीही केलेली नाही. कारण उघड आहे. त्या दिवशी म्यान लागतच नाही. आरंभी नाही, अंती नाही, अशी ही मधल्या काळातली वस्तू आहे. तिचा धंदा तहकुबीचा. तलवार म्यानात गेली याचा अर्थ खटला निकाली निघाला असा होत नाही. पुढची तारीख पडली, इतकेच.

तेव्हा यापुढे दोन पक्षांनी, दोन देशांनी किंवा दोन जावांनी तलवारी म्यान केल्याची बातमी वाचलीत, तर पेढे वाटण्यापूर्वी एवढी चौकशी करावी : लोहाराला बोलावणे गेले का?