मेदराव, जागा रिकामी करा

रा. रा. मेदराव यांसी,
मुक्काम हृदयाची बाहेरची बाजू, जिल्हा बुलढाणा.

साष्टांग नमस्कार घालणार होतो, पण वाकलं की पोट आडवं येतं. सबब, उभ्यानेच रामराम.

आमच्याकडे पोट सुटलं की 'तब्येत सुधारली' म्हणतात. शेगावची कचोरी, बाजाराच्या दिवशीची भजी, लग्नातली बुंदी यांचं सगळं पाप पोटाच्या माथी. आपण मात्र आत, हृदयाच्या स्नायूला लगटून निवांत. डॉक्टर आपल्याला एपिकार्डियल फॅट म्हणतात. एखादा किडकिडीत माणूस वजनकाट्यावरून हसत उतरला, की सर्वांत मोठ्याने आपणच हसत असाल.

त्या हसण्यामागचं गुपित फोडलं पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी. २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये त्यांनी स्वतःचा आणि लंडनच्या डॉ. जॉन युडकिन यांचा फोटो शेजारी-शेजारी छापला. बीएमआय दोघांचाही २२.३. अंगातली चरबी युडकिनांची ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२. पुण्याजवळच्या खेड्यांतली नवजात बाळंही त्यांच्या गटाने मोजली. सरासरी वजन २.७ किलो, इंग्लंडमधल्या बाळांपेक्षा बरंच कमी. पण उणं पडलं ते स्नायूत, चरबी शाबूत. हा हिशेब सबंध अंगाचा, आपल्या एकट्याचा नव्हे, हे मान्य. खानदान मात्र तेच.

मुळात आपण वाईट नव्हतात. हृदयाला इंधन पुरवायचं, धक्का बसू द्यायचा नाही, ही आपली नोकरी. मग अंगावर आलात. आपल्यात आणि हृदयाच्या स्नायूत साधा पडदाही नाही, रक्तपुरवठा दोघांना एकच, आणि हृदयाच्या धमन्या जातात त्या आपल्याच पोटातून. आपण सोडलेली दाह वाढवणारी रसायनं त्यांना सहज गाठतात. २००३ सालच्या एका अभ्यासात बायपासच्या रुग्णांची हृदयावरची चरबी त्यांच्याच पायाच्या चरबीशी ताडून पाहिली, तर दाह आपल्याकडे जास्त निघाला. काहींची धमनी मध्येच थोडं अंतर स्नायूच्या आत बुडून जाते. तेवढ्या तुकड्यात आपला शेजार नाही, आणि तेवढा तुकडा बहुधा स्वच्छ सापडतो! जाणकार याला रक्तप्रवाहाचंही कारण देतात, म्हणून संशयाचा फायदा देतो. थोडासाच.

मधुमेहाशी तर आपली सोयरीकच. टाइप २ च्या रुग्णांत आपण सरासरीने जाड भेटता. शरीर इन्सुलिनला जुमानेनासं झालं की मेदाम्लं रक्तात मोकाट सुटतात. आपलं कोठार भरलं की उरलेली हृदयाच्या स्नायूत शिरतात. आधी आपण बिघडलात की आधी साखर, यावर तज्ज्ञांचं भांडण चालू आहे. तोवर दोघं मिळून खा.

इको किंवा सीटी स्कॅनमध्ये आपण दिसता. पण छातीत कळ आल्याशिवाय त्या वाटेला जातो कोण? शिंप्याची टेप स्वस्त. पुरुषाची कंबर ९० सेंटीमीटरच्या वर, बाईची ८० च्या वर गेली, की पोटातले आपले थोरले बंधू घरी आहेत असं समजायचं. आणि ते आले की आपण फार मागे राहत नाही.

शेगावहून गजानन महाराजांची पालखी पायी पंढरपूरला निघते. चालणाऱ्यांशी आपलं फारसं जमत नाही. वारकऱ्यांना फराळ वाटायला मोटारीने जाऊन उरलेलं स्वतःच संपवून येणारे आम्ही, खरे आपले हितचिंतक.

एक गोष्ट मात्र कळली. खाणं आवरून वजन उतरवलेल्यांत आपण वजनापेक्षाही झपाट्याने झडता म्हणे. एवढा दरारा आणि हे काळीज? तेव्हा ही नोटीस समजा. भाडं तर आजवर एक पैसा दिलेलं नाही. डिपॉझिट मागू नये.

आपला,
घरमालक
मु. पो. खामगाव

ता. क. : कचोरीवाल्याला सांगून ठेवलंय, आपल्या नावावर उधारी बंद.